फुटबॉल खेळून पोट भरतं का?



आज जरा वेगळा विषय घेतलाय. शेळीपालन नाही, पापड-लोणची नाही, कर्जाचे हप्तेही नाहीत. आजचा विषय आहे फुटबॉल. हसू नका. गेल्या काही महिन्यांत तीन-चार गटांच्या बैठकीत हा विषय निघाला. कुणाची मुलगी आश्रमशाळेच्या संघात खेळते, कुणाची नात जिल्ह्याला खेळून आली, आणि आता घरी सांगते, "मला ह्यातच पुढं जायचंय." आई गोंधळते. आणि घरातलं कुणीतरी विचारतंच, "खेळून पोट भरतं का?"

प्रश्न रास्त आहे, त्याचा राग मानायचं कारण नाही. गटातली एखादी ताई पिठाच्या गिरणीसाठी कर्ज मागते तेव्हा आपण तिला काय विचारतो? पैसा किती येईल? किती वर्षं येत राहील? नुकसान कुठं होऊ शकतं? आणि कागद कोणते आहेत? हेच चार प्रश्न आज फुटबॉलला विचारूया.

त्याआधी एका बोलण्याचा निकाल लावू. "हा बायकांचा खेळच नाही," असं म्हणणारे गावोगावी भेटतात. त्यांच्यासाठी शंभर वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगते. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधले पुरुष लढाईवर गेले आणि कारखान्यांत बायका कामाला लागल्या. प्रेस्टन नावाच्या गावात डिक, कर नावाचा कारखाना होता. तिथं दारूगोळा बनवायचं काम चालायचं. तिथल्या कामगार बायका फुटबॉल खेळायला लागल्या, त्यांचा संघ झाला, आणि सामन्यांच्या तिकिटाचे पैसे जखमी सैनिकांसाठी जाऊ लागले. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलमध्ये त्यांचा सामना बघायला सुमारे ५३ हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं ठराव केला की हा खेळ बायकांना योग्य नाही, आणि आपल्या क्लबांची मैदानं बायकांना बंद केली. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. ब्राझीलमध्ये तर १९४१ पासून १९७९ पर्यंत सरकारचीच बंदी होती.

म्हणजे बायकांना खेळ जमत नव्हता हे खरं नाही. खेळ जमत होता, बघायला लोकही येत होते. मैदानाला कुलूप लावलं होतं. आज पुरुषांच्या फुटबॉलमध्ये इतका पैसा आणि बायकांच्या फुटबॉलमध्ये इतका कमी का, याचं एक मोठं उत्तर त्या कुलपात आहे. ज्या दुकानाला पन्नास वर्षं शटर उघडू दिलं नाही, त्याचा गल्ला शेजारच्या दुकानाएवढा कसा भरेल?

आपल्या देशातही बाया खेळत होत्या. १९७५ साली महिला फुटबॉलची संघटना झाली आणि राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. १९८३ मध्ये आपला संघ आशियाई स्पर्धेत उपविजेता ठरला. त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार शांती मलिक यांना मिळाला. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. पण मान मिळाला तरी पगार नव्हता. क्लबकडून खेळायचं आणि क्लबनं पैसे द्यायचे, अशी बायकांची राष्ट्रीय लीग आपल्याकडं सुरू व्हायला २०१६-१७ चा हंगाम उजाडला.

आता पहिला प्रश्न, पैसा किती?

खरं तेच सांगते, कारण खोटी आशा दाखवून गटाचं कधी भलं होत नाही. २०२३ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघानं ठरवलं की वरच्या लीगमधल्या प्रत्येक क्लबनं कमीत कमी दहा भारतीय खेळाडू मुलींना वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपयांचा करार द्यायचा. महिन्याला साधारण साडेसव्वीस हजार. गावाकडच्या घरासाठी ही रक्कम लहान नाही. पण आता गुणाकार करा. संघ सात-आठ धरले, प्रत्येकी दहा मुली. सत्तर-ऐंशी झाल्या. एवढ्या मोठ्या देशात किमान पगाराची ही हमी एवढ्या मुलींपुरतीच पोचते. काही जणींना त्याहून जास्त मिळतं, पण खालच्या लीगमध्ये खेळणाऱ्या बऱ्याच जणींच्या हाती प्रवास, जेवण आणि थोडं मानधन एवढंच पडतं.

मग इतकी वर्षं चांगल्या खेळाडूंनी घर कसं चालवलं? नोकरीवर. मणिपूरच्या बेमबेम देवी वीस वर्षांहून अधिक काळ खेळल्या, देशाच्या कर्णधार झाल्या, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. घरखर्चाला आधार होता तो मणिपूर पोलिसातल्या नोकरीचा. त्याच राज्याच्या बाला देवी यांचंही तसंच. पोलीस, रेल्वे, निमलष्करी दलं यांच्यात खेळाडूंची भरती असते. आपल्या महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांमध्ये गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी कोणत्या पातळीवर खेळलेलं असावं लागतं, याचे नियम आहेत. तालुक्याला एकदा खेळलं म्हणजे नोकरी पक्की, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

परदेशी क्लबात जायची वाटही थोड्या जणींनी पाडली आहे. आदिती चौहान ही गोलरक्षक इंग्लंडला क्रीडा व्यवस्थापन शिकायला गेली आणि २०१५ मध्ये वेस्ट हॅम या क्लबच्या महिला संघाकडून खेळली. २०२० मध्ये बाला देवी यांना स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबनं करार दिला. पंजाबमधल्या खेड्यातली मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या क्लबकडून युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या महिला स्पर्धेत उतरली. असं करणारी ती पहिली भारतीय. पण अशा मुली हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या आहेत, हेही लक्षात ठेवू.

आणि जगातही बाईचा रोज कमीच असतो बरं का! खुरपणीला गड्याला एक रोज आणि बाईला दुसरा, हे आपल्याला नवीन नाही. २०२२ च्या पुरुषांच्या विश्वचषकात बक्षिसाची एकूण रक्कम ४४ कोटी डॉलर होती. २०२३ च्या बायकांच्या विश्वचषकात ती ११ कोटी डॉलर होती. चाराला एक. अमेरिकेच्या महिला संघानं तर चार वेळा विश्वचषक जिंकलाय, तरी त्यांना पुरुषांपेक्षा कमी मोबदला मिळायचा. २०१९ मध्ये त्या सगळ्या मिळून कोर्टात गेल्या. २०२२ मध्ये २ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड झाली आणि त्याच वर्षी समान मोबदल्याचा करारही झाला. एकेकटीनं मागून हे मिळालं नसतं. हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

दुसरा प्रश्न, किती वर्षं?

मैदानावरचं आयुष्य छोटं असतं. अठरा-एकोणिसाव्या वर्षी सुरुवात झाली तर तिशी ओलांडली की पाय बोलायला लागतात. पस्तिशीपर्यंत खेळणारी बाई म्हणजे फारच झालं. ज्या वयात आपण गटाच्या अध्यक्ष होतो, त्या वयात खेळाडूची निवृत्ती. मग पुढची पंचवीस-तीस वर्षं काय करायचं?

इथंच मला आजची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. फुटबॉलच्या मैदानावर एका संघाच्या अकरा जणी दिसतात, पण त्या सामन्यावर पोट असणारी माणसं कितीतरी जास्त असतात. मोजून बघा. एक मुख्य पंच, रेषेवर धावणारे दोन सहायक पंच, बाहेर बसलेला चौथा पंच. दोन्ही संघांचे मुख्य प्रशिक्षक, त्यांचे सहायक, गोलरक्षकांचे वेगळे प्रशिक्षक. दुखापत बघणारा फिजिओ, डॉक्टर. राहणं, जेवण, तिकिटं सांभाळणारा व्यवस्थापक. सामन्याचं चित्रीकरण करून कोण कुठं चुकलं ते दाखवणारा. समालोचक, फोटोग्राफर, बातमीदार. गवत राखणारे, कपडे-बूट सांभाळणारे. वर क्लबचं कार्यालय, हिशेब, जाहिरात. ही सगळी कामं आहेत, आणि यातल्या बहुतेक कामांना वयाची पस्तिशी आडवी येत नाही.

आणि ही कामं बायका करू शकतात का? १ डिसेंबर २०२२ ला कतारमध्ये पुरुषांच्या विश्वचषकात जर्मनी आणि कोस्टा रिका यांचा सामना झाला. त्या सामन्याला मुख्य पंच होत्या फ्रान्सच्या स्टेफनी फ्रापार. दोन्ही सहायक पंचही बायकाच, एक ब्राझीलची आणि एक मेक्सिकोची. मैदानावर जगातले बावीस नामांकित पुरुष आणि शिट्टी बाईच्या हातात. पुरुषांच्या विश्वचषकात असं पहिल्यांदाच घडलं. मुख्य पंच एका सामन्यात नऊ-दहा किलोमीटर तरी धावतो.

आपल्या शेजारच्या गोव्यातल्या उवेना फर्नांडिस यांचं नाव पोरींनी लिहून ठेवा. त्या आंतरराष्ट्रीय सहायक पंच होत्या आणि २०१६ मध्ये जॉर्डनला झालेल्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात त्यांनी काम केलं. गोव्याच्याच मेमोल रॉकी आधी खेळाडू होत्या, नंतर प्रशिक्षक झाल्या आणि २०१७ ते २०२१ या काळात भारताच्या महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक होत्या.

या कामांना पायऱ्या आहेत. प्रशिक्षक व्हायचं तर सुरुवातीला भारतीय महासंघाचे 'ई' आणि 'डी' परवाने, त्यावर आशियाई महासंघाचे 'सी', 'बी', 'ए' आणि सगळ्यात वर 'प्रो'. खालचे अभ्यासक्रम थोड्या दिवसांचे असतात. ते केलेली मुलगी शाळेत, अकादमीत लहान मुलांना शिकवू शकते. पंच व्हायचं तर राज्य फुटबॉल संघटनेमार्फत वर्ग आणि परीक्षा होतात. आपल्याकडं ही संघटना म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, लोक तिला 'विफा' म्हणतात. नियमांचा पेपर असतो आणि धावण्याची चाचणी असते. सुरुवातीला सामन्यामागं मानधन मिळतं, तेवढ्यावर घर चालत नाही, पण दुसरं काम किंवा शिक्षण सांभाळून हे करता येतं. फिजिओ व्हायचं तर बारावी विज्ञान आणि पुढं फिजिओथेरपीची पदवी. ती पदवी असली की फुटबॉल सुटला तरी दवाखाना सुटत नाही.

म्हणून मुलीला सांगा, खेळ जरूर, पण वही बंद करू नकोस. आदिती चौहानचंच बघा. शिकायला गेली म्हणून तिला तिथं खेळायला मिळालं, आणि पुढं तिनं मुलींसाठी स्वतःची अकादमीही काढली. शाळा सोडून फक्त खेळात उतरलेली मुलगी गुडघा गेला की रिकाम्या हातानं घरी येते.

तिसरा प्रश्न, नुकसान कुठं?

पहिलं नुकसान शरीराचं. गुडघ्याच्या आतला एक महत्त्वाचा बंध तुटण्याची दुखापत खेळाडू मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त आढळते. त्यानंतर शस्त्रक्रिया, आणि पुन्हा खेळायला आठ-नऊ महिने तरी जातात. म्हणून विचारायचं, दुखापत झाली तर खर्च कोण करणार? क्लबचा विमा आहे का? आणि एक घरचं काम. मुलीचं रक्त तपासून घ्या. रक्त कमी असलेली पोर दीड तास धावू शकत नाही. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवण तिच्या ताटात पडत असेल तर खेळाचं सोडाच, अभ्यासही होणार नाही.

दुसरं नुकसान बाळंतपणात. खेळाडूला दिवस गेले की क्लब करार मोडायचे, पगार थांबवायचे. १ जानेवारी २०२१ पासून 'फिफा' या जागतिक संघटनेनं नियम केला की करारावर असलेल्या खेळाडूला कमीत कमी १४ आठवडे बाळंतपणाची रजा, त्यातले ८ आठवडे तरी बाळ झाल्यानंतर, आणि त्या काळात पगाराचा किमान दोन तृतीयांश भाग मिळालाच पाहिजे. नियम झाला, पण तो पाळायला लावला एका बाईनं. आइसलंडची सारा ब्योर्क गुन्नार्सदोत्तिर फ्रान्सच्या लिऑन क्लबकडून खेळत होती. गरोदरपणात तिचा पगार थांबला. ती गप्प बसली नाही. खेळाडूंच्या युनियनला बरोबर घेऊन तिनं फिफाकडं दाद मागितली आणि क्लबला ८२ हजार युरोंहून जास्त थकबाकी द्यावी लागली. तिच्याजवळ दोन गोष्टी होत्या, लेखी करार आणि पाठीशी उभी संघटना. आपल्या देशात नोकरीतल्या बाईला कायद्यानं पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची रजा आहे. त्या मानानं १४ आठवडे कमीच. पण ज्या ठिकाणी काहीच नव्हतं तिथं एवढं तरी आलं.

तिसरा धोका बोलायला अवघड आहे, तरी बोलते. मुलगी शिबिराला जाते, परगावी मुक्काम करते, प्रशिक्षकाच्या हाताखाली राहते. २०२२ मध्ये आपल्या १७ वर्षांखालील मुलींचा संघ युरोपात असताना एका सहायक प्रशिक्षकावर गैरवर्तनाचा आरोप झाला. त्याला परत बोलावलं, पदावरून काढलं आणि बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, म्हणजे पोक्सोखाली, गुन्हा नोंदला गेला. हे ऐकून मुलीला घरात बसवायचं का? तसं केलं तर दोष करणाऱ्याचा आणि शिक्षा पोरीला. त्यापेक्षा पाठवण्याआधी विचारा. संघाबरोबर बाई अधिकारी कोण आहे? मुली राहणार कुठं? घरी फोन करायची मुभा आहे का? तक्रार कुणाकडं करायची? मुलीला १०९८ हा क्रमांक पाठ करायला लावा. आणि तिनं घरी येऊन काही सांगितलं तर आधी तिचं ऐका. "तुझंच काहीतरी चुकलं असेल," हे वाक्य घरातून हद्दपार करा.

अजून एक धोका पैशाचा. निवडीसाठी, संघात घेण्यासाठी, परदेशी पाठवण्यासाठी कुणी रोख रक्कम मागितली तर तो माणूस तुमच्या दारात उभा करू नका. असल्या कामासाठी गटातून कर्ज मागितलं तर गटानं ते देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चौथा प्रश्न, कागद.

आपल्याकडं पोर जिंकून येते, फोटो निघतो, प्रमाणपत्र भिंतीला टांगतो आणि पावसाळ्यात त्याला बुरशी येते. पुढं वाढीव गुण, शिष्यवृत्ती, नोकरीतलं आरक्षण, सगळं त्या कागदावर अडतं. म्हणून एक फाइल करा. जन्माचा दाखला, आधार, शाळेचं बोनाफाइड, प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र, तारीख आणि पातळी लिहून. जन्मतारीख सगळीकडं एकच हवी, कारण फुटबॉलमध्ये वयाची तपासणी कडक असते. शालेय स्पर्धांची चौकशी जिल्हा क्रीडा कार्यालयात करा. सुब्रतो चषक नावाची शाळांची मोठी स्पर्धा आहे, तिच्यात १७ वर्षांखालील मुलींचा गट असतो आणि आपल्या जिल्ह्यापासून सुरू होऊन ती दिल्लीपर्यंत जाते. खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूला महिन्याला १० हजार रुपये हातखर्च मिळतो.

आणि क्लबनं बोलावलं तर करार लेखी घ्या. त्यात पाच गोष्टी शोधा. पगार किती आणि कोणत्या तारखेला, करार किती महिन्यांचा, राहण्या-जेवण्याचा खर्च कुणाचा, दुखापतीचा खर्च कुणाचा, आणि मध्येच सोडायचं झालं तर काय. इंग्रजीत असेल तर शाळेतल्या सरांकडून, बाईंकडून वाचून घ्या. वाचल्याशिवाय सही नाही. गटाच्या प्रोसिडिंगवर न वाचता अंगठा उठवायचा नाही हे आपण शिकलोय ना, मग इथं वेगळा नियम का?

२०२२ मध्येच ऑक्टोबरात १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक आपल्या देशात झाला. सामने भुवनेश्वरला, गोव्यात मडगावला आणि नवी मुंबईत. भारताची कर्णधार होती झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली अष्टम उरांव. तिचे आई-वडील मजुरी करणारे. तिचा मान म्हणून सरकारनं तिच्या गावाला रस्ता करायला घेतला, आणि त्याच रस्त्याच्या कामावर तिचे आई-वडील रोजंदारीनं राबत असल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. पोरीचं कौतुक सगळ्या देशानं केलं, आणि घरातली चूल त्या दिवशीही रोजावरच पेटली. म्हणून म्हणते, टाळ्या वाजवणाऱ्यांनी पुढचंही विचारायला हवं, की या पोरीला पगार किती, विमा कुणाचा आणि खेळ संपल्यावर काम कोणतं.

तर पोट भरतं का? फक्त खेळून, फार थोड्या जणींचं. खेळ, शिक्षण आणि त्याभोवतीचं एखादं काम हाताशी असेल तर बऱ्याच जणींचं भरू शकतं.

या महिन्याच्या बैठकीत वसुली झाल्यावर दहा मिनिटं काढा. आपल्या गटातल्या किती घरांतल्या मुली खेळतात, त्यांची नावं लिहा. संध्याकाळी शाळेचं मैदान तासभर फक्त मुलींसाठी मिळावं, असा ठराव करून ग्रामसंघामार्फत ग्रामपंचायतीत आणि शाळा समितीत द्या. सरावाच्या वेळी दोघी-दोघींनी पाळीपाळीनं तिथं बसायचं. स्वेटर विणा, शेंगा निवडा, पण मैदानावर बसा. पोरींना सोबत होते, आणि कोण शिकवतंय, कसं शिकवतंय हे आपल्या डोळ्यांना दिसतं. आणि त्या पोरींमधली एखादी धावायला कमी पण नियमाला पक्की असेल, तर तिच्या हातात शिट्टी देऊन बघा.

पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. नमस्कार!